डाव्या हाताला विहीर

९ जून

छत्री फटकन उघडली तेव्हा पुढचा गोऱ्हा थबकला, पण मागच्यांनी त्याला ढकललं. भिंतीचे दगड ढासळून जिथे वाट झाली आहे तिथे मी उभी होते. पलीकडे फेस्टी मनेलीचे गोऱ्हे, अलीकडे विहीर. मॅलकी कॅमेऱ्यामागून ओरडला, “आत येऊ देऊ नकोस, इटा. दहाच मिनिटं.” मी विहिरीकडे पाठ करून छत्री ढालीसारखी धरली. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. एका गोऱ्ह्याने छत्री चाटली, दुसऱ्याने तिच्यावर डोकं घासून काडी मोडली.

म्हणजे ज्या फोटोसाठी आठवडाभर या गावात मुक्काम ठोकला, तो निघत असताना मी गोऱ्ह्यांची तोंडं पाहत होते.

साबिना गॉहन रोज सकाळी विहिरीला सात फेरे घालते. विहीर म्हणायचं एवढंच. खरं तर गुडघाभर पाण्याचा झरा, भोवती दगड, मागे समुद्र आणि इनिशगॉलचं बेट. जत्रेच्या दिवशी इथे गर्दी होते, पण आम्हाला गर्दी नको होती. एकटी बाई, पहाटेचा उजेड. सोमवारी विचारलं तर ती “नाही” म्हणाली. मंगळवारी गोठ्याच्या अर्ध्या दारावरून, गाय पिळता पिळता, “कालचं ‘नाही’ अजून शिळं झालेलं नाही.” बुधवारी म्हणाली, “प्रार्थना म्हणजे काय बाजारातला घोडा आहे, दात बघायला?” त्या वेळी तिचे स्वतःचे दात खिडकीत पेल्यात होते. ते आम्ही पाहिले हे तिने पाहिलं आणि दार लावून घेतलं. गुरुवारी मी केक नेला. तिने केक घेतला आणि दार लावलं.

आज ती आपणहून बाहेर आली. अंगात मेलेल्या भावाचा काळा कोट. उन्हाळ्यातही तोच घालते. डोक्याला रुमाल.

“चला,” ती म्हणाली. “फोटो हवाय ना? घ्या मग. पण तू तिकडे गोऱ्ह्यांकडे बघ, पोरी. बाई बघायला लागली की माझे पाय अडखळतात.”

चिकाटीला फळ येतंच. लोक आधी लाजतात, मग त्यांना आपल्या हेतूची खात्री पटते. हे मी प्रत्येक पुस्तकाच्या वेळी अनुभवलं आहे.

मॅलकी सामान आवरत होता तेव्हा विचारलं, “मिळाला?”

“मिळाला.”

“चेहरा?”

“चेहरा तर फारच मिळाला.”

गाडी सुरू झाली नाही. मॅलकीने झाकण उघडून आत पाहिलं, जणू तिथे कोणी हरवलं आहे. शेवटी फेस्टीने ट्रॅक्टरला दोर बांधून चौकापर्यंत ओढली. फेस्टी बोलका आहे. साबिनाचा एकुलता एक शेजारी. तिचं जळण, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली मातीची ढेकळं, तोच आणतो आणि रविवारी तिला चर्चमध्ये मिस्सेला तोच नेतो. “पुढच्या सीटवर बसते,” म्हणाला, “आणि वाटभर मला गिअर कधी बदलायचा ते सांगते. आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही तिने.” मग आमच्या गाडीकडे पाहून म्हणाला, “हिला मेकॅनिक नको, मास्तरीणबाई. पाद्री बोलवा.”

मी शाळा सोडून बारा वर्षं झाली. तरी मला सगळे मास्तरीणच म्हणतात.


१४ जून, गॅलवे

प्रयोगशाळेतून स्लाइड आल्या. एक रोल सोडून सगळे हिरवट. मशीन बिघडलं होतं म्हणे, दिलगीर आहोत. मे महिन्यात केलेल्या तीन विहिरी पुन्हा कराव्या लागणार. वाचलेला रोल साबिनाचा.

मॅलकीने त्यातली एक निवडली. काचेखालच्या दिव्यावर मी ती भिंगातून पाहिली. बुटकी काळी आकृती, मागे पाणी, वळून थेट आपल्याकडे पाहणारा चेहरा. नखाएवढा, पण केवढी ताकद त्यात.

प्रकरण आज संपवलं. फेऱ्यांबद्दलचा परिच्छेद बरा उतरला आहे. विहीर उजव्या हाताला ठेवून, सूर्याच्या चालीने चालायचं. प्रत्येक फेऱ्याला एक खडा टाकायचा. उलट, विहीर डाव्या हाताला ठेवून चालणं म्हणजे कोणाचं तरी वाईट चिंतणं. ते गावोगाव माहीत असतं, पण करताना कोणी पाहिलेलं नसतं. फोटोखाली मी लिहिलं: ‘श्रद्धेत हरवलेला चेहरा.’

मॅलकीने वाचलं.

“हरवलेला नाही,” म्हणाला.

“मग?”

“चांगला सापडलेला आहे.”

वीस वर्षं मी या माणसाबरोबर पुस्तकं करते आहे. एक सरळ वाक्य त्याच्याकडून मिळालं असेल तर मला आठवत नाही. परिच्छेद तसाच ठेवला.


२ जुलै

टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली. साबिनाच्या गावातल्या बोटवाल्या म्हाताऱ्याची सगळी मुलाखत गेली. त्याला पुन्हा भेटून निघालो तर गाडी सुरू होईना; फेस्टीने ओढली, जूनपासून चौथ्यांदा. मॅलकी म्हणतो, तारेत ओल जाते. उन्हातही?


१९ ऑगस्ट

डब्लिनहून टिरेलचा फोन. प्रकाशक म्हणून तो वाईट नाही, पण त्याला मजकूर जागा अडवतो असं वाटतं. “इटा, चार हजार शब्द कमी कर. लोकांना बघायचं असतं.” शिवाय छापखान्यात दोन प्रकरणांची पानं एकमेकांत मिसळली आहेत. एक संत अर्ध्यातून दुसऱ्याच संताच्या विहिरीत पडतो.

शब्द कमी केले. दिवसभर स्वतःचीच वाक्यं खुडत बसले. खरं सांगायचं तर लोक पुस्तक उघडतात ते मॅलकीच्या फोटोंसाठी. माझा मजकूर म्हणजे फोटोभोवतीची पांढरी जागा, थोडी काळी केलेली. त्याचं नाव मुखपृष्ठावर माझ्या नावाच्या वर असतं. वर्णानुक्रमाने माझं फॅलन हे त्याच्या लाव्हेलच्या आधी येतं. मी कधी बोलले नाही.


३ ऑक्टोबर

पुस्तकं आली. ‘पश्चिमेच्या पवित्र विहिरी’. मुखपृष्ठावर साबिना, पूर्ण पानभर. सुंदर आहे. नाकारता येत नाही. मलपृष्ठावर माझ्या नावात एक एल जास्त.


८ ऑक्टोबर

साबिनाला तिची प्रत द्यायला गेलो. गावात शिरण्याआधीच वळणावर फेस्टीचा ट्रॅक्टर आडवा. वाटलं, बिघडला असेल. तो उतरून आमच्याकडे आला. हातात आमचं पुस्तक. शहरातल्या दुकानातून आणलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

मी काच खाली केली. त्याने पुस्तक आत माझ्या मांडीवर ठेवलं.

“विहीर कुठल्या हाताला आहे, मास्तरीणबाई?”

मी पाहिलं. माझ्या घरी हे पुस्तक पाच दिवस टेबलावर होतं. येता-जाता मी त्याच्याकडे पाहत होते. विहीर साबिनाच्या डाव्या हाताला होती.

“जुलैत माझ्या गाईंची तपासणी झाली,” फेस्टी म्हणाला. “तीन गाईंना क्षय निघाला. नेल्या. बाकीच्यांना कुलूप. विकता येत नाहीत, हलवता येत नाहीत. म्हटलं नशीब. आणि आता हे दुकानात, काचेमागे उभं करून ठेवलेलं. जूनमध्ये घेतलात ना फोटो? मीच ओढली तुमची गाडी. तिच्या विहिरीवरून मी तुमची गाडी ओढली आणि ती तिथे मला—” तो थांबला. “वीस वर्षं मिस्सेला नेतो मी तिला.”

“फेस्टी, फोटो उलटा छापला गेलाय.”

“काय?”

“स्लाइड पालथी ठेवली की डावं उजवं होतं. छापखान्यात होतं असं. मुद्दाम सुद्धा करतात. माणूस पुस्तकाबाहेर चाललेला दिसू नये, आत येताना दिसावा म्हणून.”

त्याने मॅलकीकडे पाहिलं. मॅलकी समोरच्या काचेवरचा वायपर पाहत होता.

“ते गावाला सांगा,” फेस्टी म्हणाला. “माझ्या बायकोला सांगा. ती आता त्या घरावरून जाताना क्रुसाची खूण करते.” पुस्तक त्याने परत घेतलं नाही.

साबिनाच्या घरामागे जळणाचा ढीग नव्हता. दरवर्षी ऑक्टोबर लागला की तो छपरापर्यंत रचून देतो, असं फेस्टीनेच सांगितलं होतं. दाराशी सायकल होती आणि तिच्या कॅरिअरला एक पोतं बांधलेलं. त्यात पाचसहा ढेकळं.

“दलदलीवरून आणता?” मी विचारलं.

“येताना उतार आहे,” ती म्हणाली.

चहा केला. चुलीत अगदी थोडं जळण होतं आणि त्यातलंही एक ढेकूळ तिने आमच्यासाठी जास्त घातलं. तिने पुस्तक मांडीवर घेतलं, मुखपृष्ठावरून हात फिरवला.

“छान आलाय. कोट किती स्वच्छ दिसतो.”

“साबिनाबाई, हा उलटा छापला गेलाय. म्हणून तो सगळा घोळ.”

तिने पुस्तक जरा दूर धरून पाहिलं. “असं होतं?”

“होतं. मी दुरुस्त करून घेणार आहे.”

“राहू दे की, पोरी. झालं ते झालं.”

“तुमच्या नावाचा प्रश्न आहे. हिवाळा तोंडावर आलाय, आणि शेजारी एक माणूस नाही तुम्हाला.”

“ते आहे,” ती म्हणाली. मग मॅलकीला विचारलं, “साखर?” मॅलकी साखर घेत नाही. आज त्याने दोन चमचे घेतले.

निघताना गाडी सुरू झाली नाही. फेस्टीने अंगणातून पाहिलं. बऱ्याच वेळाने दोर घेऊन आला. एक शब्द न बोलता ओढली.


१० ऑक्टोबर

टिरेल म्हणतो फोटो उलटा नाही. मांडणी करणाऱ्या मुलीला विचारलं, ती म्हणते जसा आला तसा लावला. छापखाना म्हणतो जसा लावला तसा छापला. सगळे जसंच्या तसं वागले आणि बाई मात्र उलटी चालते आहे.

“इटा,” टिरेल म्हणाला, “विहीर विहीर आहे. डावी काय, उजवी काय.”

मी पंधरा मिनिटं त्याला डावं-उजवं समजावलं. त्याने मध्येच कोणाशी तरी जेवणाबद्दल बोलून घेतलं.

मग मला पुरावा सापडला. भिंग घेऊन बसले. कोटाची बटणं. पुरुषाच्या कोटाला बटणं उजवीकडे असतात, बाईच्या कोटाला डावीकडे. मुखपृष्ठावर साबिनाच्या कोटाची बटणं उजवीकडे आहेत, पुरुषासारखी. म्हणजे चित्र पालथं आहे. इतकं सोपं. टिरेलला पुन्हा फोन केला. त्याने भिंग मागवून स्वतः पाहिलं. मग म्हणाला, “तू शाळा सोडायला नको होतीस.” मांडणी करणाऱ्या मुलीला बसलेली बोलणी मी ऐकली नाहीत, पण फोन ठेवण्याआधी तिचं नाव त्याने ज्या सुरात घेतलं तो ऐकला.

मुखपृष्ठाची नवी वेष्टनं छापून होतील. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर गावच्या सभागृहात पुस्तकाचा कार्यक्रम आहे, त्याआधी पोचतील.

मॅलकीला सांगितलं. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं.

“चित्र बरोबर आहे, इटा.”

“चित्र म्हणून असेल. मला माणूस बरोबर हवा आहे.”

“साबिनाला विचारलंस?”

“काय विचारायचं?”

“तेच.”

“तेच म्हणजे काय, मॅलकी? कधीतरी कर्त्यापासून क्रियापदापर्यंत बोल.”

“मी फोटो काढतो,” तो म्हणाला. “सांगणं तुझ्याकडे असतं.” आणि गेला. जाताना माझा पेन घेऊन गेला.

तो आपल्या चौकटीच्या प्रेमात आहे. उजेड कुठून आला, सावली कुठे पडली. एका म्हातारीची चूल विझली तरी चालेल, पण चित्र पालथं करायचं नाही. मला या गोष्टीचा मनापासून संताप आला आहे आणि तो लिहून कमी होत नाही.


२१ ऑक्टोबर

फेस्टीला फोन केला. म्हणाला, नवं पुस्तक बघू, मग बोलू. मागून त्याची बायको काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, “देव तुमचं भलं करो,” आणि ठेवला. गेल्या रविवारी साबिना मिस्सेला सायकलने गेली. पाऊस होता.

माझं बरोबर आहे का? बरोबर आहे. मग झोप का लागत नाही? मॅलकीमुळे.


५ नोव्हेंबर

उद्या सकाळी इथून निघायचं. उतरलो आहोत त्या घरात अजून मटणाच्या रश्श्याचा वास आहे. उजेड आहे तोवर सगळं लिहून काढते.

सभागृह भरलं होतं. टेबलावर पुस्तकांचा ढीग, नव्या वेष्टनात. साबिना पहिल्या रांगेत, भावाचा तोच कोट घालून, हातात चहा. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. मागे लोक उभे होते तरी.

मी बोलले. छपाईतल्या चुकीबद्दल सांगितलं. बटणांचं सांगितलं नाही, तो फार तांत्रिक भाग. मग एक प्रत घेऊन फेस्टीकडे गेले. “हे घ्या. आता विहीर कुठल्या हाताला आहे?”

त्याने चष्मा लावला. “उजव्या.”

“बस तर मग.”

त्याचा चेहरा सैल झाला. त्याला हे हवंच होतं, ते स्पष्ट दिसत होतं. त्याने साबिनाकडे पाहिलंसुद्धा. त्याच वेळी मागून कोणीतरी म्हणालं, “इनिशगॉल कुठे निघालंय?”

“कुठे?”

“बघ की. चर्चच्या बाजूला आलंय बेट.”

पुस्तकं हातोहात फिरू लागली. “अरे हो. आणि काटेरी झाड पलीकडे.” “मग उद्या मी बोट कुठे लावू?” “मास्तरीणबाईंना विचार, त्यांनी हलवलंय.” लोक हसत होते. मीही हसले, कारण अजून मला कळलं नव्हतं. हसला नाही तो फेस्टी. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“म्हणजे आधीचंच खरं होतं,” तो म्हणाला.

हसणं बंद झालं. चहाच्या पिंपाची तोटी कोणीतरी उघडी ठेवली होती तेवढा आवाज. मी मॅलकीकडे पाहिलं. त्याने या वेळी नजर वळवली नाही, पण त्याचा उपयोगही नव्हता.

“साबिना,” फेस्टी म्हणाला. “माझ्या तीन गाई.”

ती उठली नाही. कप बशीत ठेवला, बशी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर.

“तुझ्यावर?” ती म्हणाली. “तुझ्यासाठी मी सात फेरे घालीन, फेस्टी मनेली? ह्या गुडघ्यांनी? तुझ्यासाठी मी अंगणापर्यंत आले असते आणि तोंडावर शिव्या दिल्या असत्या. चाळीस वेळा दिल्यात.”

“मग कोणावर?”

तिने हनुवटीनेच आम्हाला दाखवलं.

“ह्या दोघांवर. आठवडाभर दारात. गाय पिळायला बसले की गोठ्यात, जेवायला बसले की खिडकीत. माझे दात पाण्यात होते तेव्हासुद्धा हा बाबा पेल्यावरचा उजेड बघत होता. मी म्हटलं, बघायचंय ना ह्यांना? बघा मग. मरावीत असं नाही म्हटलं मी. देवाला एवढंच म्हटलं, ह्यांचं यंत्र बिघडू दे, ह्यांचं चित्र नासू दे आणि ह्यांना घरी जाऊ दे.”

मग फेस्टी सावकाश म्हणाला, “पाच वेळा गाडी ओढलीय मी ह्यांची.”

“मग शाप लागला की,” मागून आवाज आला.

“लागला तो माझ्या ट्रॅक्टरला.”

आधी त्याची बायको हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. मग सभागृहच. फेस्टी टोपी हातात चुरगळत उभा होता. “मला सांगायचंस ना, बाई. चार महिने मी गाई मोजतोय आणि महिनाभर तुझ्याकडे बघतोय.”

“तू विचारलंस कुठे? जळण आणायचं बंद केलंस. मी कोणाला काय सांगू? आणि ती पोरगी केक घेऊन आली होती. फळांचा, चांगला. तिचा केक खाऊन तिच्याच तोंडावर कसं सांगायचं?”

फेस्टीने तिची बशी उचलली आणि त्या खुर्चीवर बसला. बशी हातातच धरून बसला, कारण ठेवायला जागा उरली नव्हती. पलीकडच्या खुर्चीवर त्याची बायको.

पुस्तकं सगळी खपली. लोकांनी दोन्ही वेष्टनं मागितली.

मला एका कोपऱ्यात उभं राहून सह्या कराव्या लागल्या. प्रत्येक जण विचारत होता, गाडी कशी आहे. मी थकून गेले.

आता शांतपणे विचार करता सगळं स्पष्ट दिसतं. फोटो पालथा नव्हता, हे मान्य. बटणांचा हिशेब कुठे चुकला ते कळत नाही. पण साबिनाने कोणावर काही केलं, हे मी मानणार नाही. तिला त्या बाजूने चालायला मॅलकीनेच सांगितलं असणार, उजेडासाठी. ती बिचारी कॅमेऱ्यापुढे गोंधळून चालली असेल. आणि आज फेस्टीचं मन राखायला, आमची चूक झाकायला तिने ती गोष्ट रचली, स्वतःचं हसू करून घेऊन. हा उदारपणा पुढच्या आवृत्तीत यायला हवा.

मॅलकीला तसं म्हटलं. तो रश्श्यात पाव बुडवत होता.

“तू सांगितलंस ना तिला, उजेडासाठी?”

“उजेड दुसऱ्या बाजूने होता.”

“मग तू पाहत असून बोलला का नाहीस?”

“ती बोलत होती,” तो म्हणाला. “माझ्याशीच बोलत होती. सातही फेरे. मी मध्ये कसा बोलणार?”

“काय बोलत होती? प्रार्थना?”

“जेव, इटा. गार होतंय.”

या वहीची मागची पानं चाळली. छत्री, हिरव्या स्लाइड, फीत, पानं, माझ्या नावातला जास्तीचा एल, गाडी. कुठल्याही पुस्तकाच्या वेळी एवढं होतंच. मग जुनं वेष्टन समोर ठेवून तिचा चेहरा पुन्हा पाहिला, पूर्ण आकारात, भिंग न घेता. श्रद्धा आहे. मी अजूनही तेच म्हणेन. जरा चिडलेली श्रद्धा.

सभागृहातून निघताना साबिनाने माझी बाही धरली होती. “सकाळी विहिरीवर या दोघं,” म्हणाली. “तो डबा घरी ठेवून.” डबा म्हणजे कॅमेरा. कशाला, ते सांगितलं नाही. निरोपाचा चहा असेल.


६ नोव्हेंबर

सकाळी विहिरीवर गेलो. कॅमेरा नेला नाही. साबिनाने सात फेरे घातले, विहीर उजव्या हाताला. वेळ बराच लागला. तिचा गुडघा खरंच दुखतो. आम्ही भिंतीशी उभे होतो. पलीकडे फेस्टी तिच्या घरामागे जळण उतरवत होता. चहा मिळाला नाही. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.